आढळ : एकच

प्राध्यापक वीरधवल घाटगे यांची एकतीस वर्षांची नोकरी संपायला साडेसात तास उरले होते, तेव्हा भुरी नावाच्या शेळीने त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा शेवट खाऊन टाकला.

तशी ती बेताचंच जेवली. तीन शेंगा, त्या ज्या कागदी पिशवीत होत्या ती पिशवी, आणि पिशवीवर सरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलेली चिठ्ठी. सर शेळीच्याच दुधाचा चहा बशीत ओतून फुंकत होते. पिशवी मागे बाजेवर होती. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा भुरीच्या तोंडातून चिठ्ठीचा कोपरा बाहेर लोंबत होता आणि त्यावर ‘घाटगे’ एवढंच शिल्लक होतं. सर उठेपर्यंत घाटगेही आत गेले.

"चिठ्ठी शेवटी खाल्ली सर," गाडीचा ड्रायव्हर नानासो म्हणाला. "म्हणजे नीट वाचून खाल्लंय."

घाटगेसर सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि त्यांचा विषय होता काटेरी झाडं. बाभूळ, खैर, हिवर आणि त्यांची सगळी सोयरीक. ज्या झाडांना बघून माणसं धोतर सावरून लांबून जातात, त्यांच्यात सर घुसायचे. पूर्वी ही सगळी झाडं शास्त्राच्या वहीत एकाच नावाखाली नांदत होती. मग जगभरच्या शास्त्रज्ञांनी वाटण्या केल्या. बाभूळ एका घरात गेली, खैर दुसऱ्या घरात, आणि घराण्याचं मूळ नाव ऑस्ट्रेलियातल्या भाऊबंदांनी नेलं. त्यांच्यातल्या बहुतेकांना धड काटेसुद्धा नाहीत. सरांनी आठ दिवस जेवण टाकलं, आणि मग मुकाट्याने कॉलेजच्या कपाटातल्या नमुन्यांच्या अकराशे चिठ्ठ्या नव्या नावांनी पुन्हा लिहिल्या.

हे सगळं त्यांनी आटपाडीच्या माळावर राहणाऱ्या तानुबाईला एकदा समजावून सांगितलं होतं. तानुबाई सत्तरीची, धनगराची, चाळीस शेरडांची मालकीण. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाव न्हेलं व्हय? मग काटं का ठेवून गेली?"

याच तानुबाईच्या वस्तीजवळ दोन वर्षांपूर्वी सरांना ते झाड सापडलं. काटे बाभळीसारखे सरळ, जोडीजोडीने. फुलांचा तुरा मात्र खैरासारखा लांब. वाटण्या झालेल्या दोन्ही घरांत एकेक पाय ठेवून ते झाड उभं होतं. ते कुठल्या घरात घालायचं, हे ठरवण्यासाठी सरांकडे पानं होती, फुलं होती, सालीचे तुकडे होते. पिकलेली शेंग आणि तिच्यातला दाणा तेवढा नव्हता. त्यांनी तानुबाईला दोनदा विचारलं होतं, "असलं झाड आणखी कुठे आहे?"

"न्हाई मास्तर. ह्या माळाला असलं झाड ह्येच येक."

मग सरांनी पदरच्या पैशाने पत्र्याचा फलक रंगवून घेतला आणि झाडाला बांधला. ‘दुर्मिळ वृक्ष. आढळ : एकच. तोडू नये.’

माणसांनी तोडलं नाही. वळवाच्या वाऱ्याने पाडलं. तानुबाईचा फोन आला, "मास्तर, तुमचं झाड झोपलं," आणि सरांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ते येऊन पाहतात तर आडव्या पडलेल्या झाडाच्या शेंगा शेरडांनी वेचून खाल्लेल्या, फक्त एका उभ्या राहिलेल्या फांदीच्या टोकाला तीन लोंबत होत्या. नानासोच्या खांद्यावर चढून सरांनी त्या काढल्या. वरून चाचपून दाणे मोजले. एकवीस भरले. आज नोकरीचा शेवटचा दिवस, दुपारी चारला सांगलीत निरोपाचा समारंभ. त्याआधी दाणा मापून नोंद पुरी केली की कपाटाची किल्ली ताठ मानेने देता येईल, असा हिशेब होता.

एवढ्या आनंदात तानुबाईच्या शेरडं कोंडायच्या वाडग्यात शिरताना कुंपणाच्या काट्याला त्यांचा समारंभासाठी घातलेला शर्ट खांद्यापासून कोपरापर्यंत फाटला. सर त्या कुंपणाला जे बोलले ते प्राध्यापकाला शोभणारं नव्हतं. त्यातच कुंपणाला एका जागी तारेने आवळलेला आपला फलक त्यांना दिसला.

"तानुबाई, हा इथे कशाला लावलात?"

"भोक पडलं हुतं. करडं भाईर जात हुती. आन झाड तर पडलंच की मास्तर, आता त्येला पाटी घिऊन काय करायचंय?"

सर चहाला बसले. पुढचं भुरीने केलं.

आधी सरांनी भुरीचं तोंड उघडून बघायचा प्रयत्न केला. भुरीला ते आवडलं नाही. मग नानासोने तिला पकडायला वाडग्याला तीन फेऱ्या मारल्या, त्यात बाकीची एकोणचाळीस शेरडं उधळली, पाण्याचं पातेलं आडवं झालं आणि एका बोकडाने नानासोला शेणाच्या ढिगात बसवलं. शेवटी सरांनी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला.

"शेळी खाते का?" डॉक्टरने विचारलं.

"खाते. फार खाते."

"पातळ वगैरे?"

"नाही हो."

"मग तक्रार काय आहे?"

"तिने माझा नमुना खाल्लाय. तो परत पाहिजे."

डॉक्टरने नमुना म्हणजे काय ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "पोट फाडावं लागेल. मालकाला विचारा."

मालकीण शेजारीच उभी होती आणि तिने ऐकलं होतं. "पोट फाडायचं आसंल तर आधी त्या डाक्टरचं फाडा," ती म्हणाली. "आवं, त्यात काय येवडं? दाणं काय जिरत न्हाईत. रवंथाला बसली की थुकंल ती. कवळं आसंल ते पोटात, कठान आसंल ते भाईर. रोजचंच हाय."

"थुंकेल? कधी?"

"तिचं मन झालं की."

"एक वाजता मला निघायलाच पाहिजे, तानुबाई."

"ते तिला सांगा. भ्यालेलं जनावर रवंथ करत न्हाई. तुमी दोगं गप बसा मातूर. हलू नगा."

तानुबाईने भुरीखालची जागा झाडून तिथं पोतं अंथरलं, भुरीला मानेवर खाजवून त्यावर उभं केलं आणि आपण भाकरी थापायला गेली. सर समोर मांडी घालून बसले. अकरा वाजले. भुरी सरांकडे बघत उभी राहिली. बारा वाजले. भुरी अजून बघतच होती. फोन वाजला तेव्हा सरांनी तो अक्षरशः मांडीखाली दाबला आणि कुजबुजत घेतला. पलीकडे त्यांच्या पत्नी संयोगिताबाई होत्या.

"निघालात का? इथे हॉल सजवलाय. शाल आणलीय, नारळ आणलाय. माणूस तेवढा नाही."

"येतो. थोडं थांबावं लागेल."

"कुणासाठी?"

सरांनी भुरीकडे पाहिलं. "मॅडम अजून बसल्या नाहीत," ते म्हणाले आणि फोन बंद केला.

एक वाजून गेला. नानासोने घड्याळ दाखवलं, सरांनी मान हलवली. तीन तपांची नोकरी म्हणावी तर तेवढीही नाही, पण तिचा निरोप एकदाच असतो आणि तो आता हुकला, हे त्यांना कळलं. वाईटही वाटलं. पण तेवढ्यात भुरीने पुढचे गुडघे मोडले, मग मागचे, आणि हुश्श करून ती पोत्यावर बसली.

तिच्या गळ्यातून एक गोळा वर सरकला. जबडा फिरायला लागला, डावीकडून उजवीकडे, सावकाश, डोळे अर्धे मिटलेले. मग टिक असा आवाज झाला. ओठाच्या कोपऱ्यातून एक दाणा पोत्यावर पडला. धुतल्यासारखा स्वच्छ, तपकिरी, सगळीकडून अखंड. मग आणखी एक. सरांनी श्वास धरून ठेवला होता. जनावराच्या पोटातून जाऊन आलेला दाणा लवकर रुजतो, हे त्यांनी वाचलं होतं, शिकवलं होतं, परीक्षेत चार मार्कांना विचारलं होतं. पाहिलं मात्र कधीच नव्हतं. एवढं मोठं काम एवढ्या मुकाट्याने चालतं, हे बघून त्यांना आपल्या अकराशे चिठ्ठ्या आठवल्या आणि उगीचच लाजल्यासारखं झालं.

"पडतायत सर," नानासो कुजबुजला. शेणाने भरलेले हात त्याने नकळत जोडले होते.

अडीचपर्यंत पोत्यावर दीडशेभर दाणे जमले, आणि सरांचा चेहरा पडला. भुरी सकाळपासून काही फक्त त्यांचाच नमुना खात नव्हती. माळावरच्या प्रत्येक झाडाची शेंग तिने चाखली होती. सगळे दाणे तपकिरी, सगळे कठीण. भिंग लावून एकेक मापायचा म्हटलं तर आठवडा गेला असता.

तानुबाईने हात पुसले आणि दाणे सुपात घेतले. बघितलंसुद्धा नाही. अंगठ्याने दाणा सरकवत गेली. "ही बाभळीची. ह्यो हिवराचा. ही बाभळीची. ह्यो चपटा खैराचा. येड्या बाभळीचा यात गावायचा न्हाई, त्यो पलीकडनं येतो."

"कशावरून ओळखता?" सरांनी विचारलं.

"तुमी मानसं कशावरनं वळखता?"

सरांनी भिंग काढलं. पन्नास दाणे तपासले. एकही चुकला नव्हता. त्यांनी तिला पाठ फिरवायला लावली, सगळे पुन्हा कालवले आणि सूप पुढे केलं. नानासोला गुळाचा भाव विचारत विचारत तिने ते पुन्हा तसेच वेगळे केले. सरांनी भिंग मिटून खिशात ठेवलं. त्यांच्या विषयातला त्यांच्याहून मोठा माणूस त्यांना नोकरीच्या शेवटच्या दिवशी भेटला होता, आणि तो अंगठ्याने काम करत होता.

सुपाच्या कडेला एक छोटा ढीग उरला. एकोणीस दाणे.

"आन ही कुपाटीची," तानुबाई म्हणाली. "दोन कमी हैत तुमच्या हिशेबानं. ती गिळली आसतील."

"कुपाटीची? आणि माझ्या झाडाचे?"

"त्येच की ही."

"तुम्ही तर म्हणालात, असलं झाड एकच आहे."

"झाड येकच हुतं की मास्तर. ज्येच्या सावलीला बसता येतं ते झाड. ही वाडग्याची कुपाटी हाय. हिच्या सावलीला कोन बसतंय? तुमी झाड इचारलं, कुपाटी कवा इचारली?"

सर उठले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी मान वर करून कुंपणाकडे पाहिलं. खालची पानं शेरडांनी ओरबाडलेली होती, त्यामुळे नुसते काटेच दिसत होते. सरळ, जोडीजोडीने. पण पुरुषभर उंचीच्या वर हिरवा झुबका होता आणि त्या झुबक्यात शेंगा होत्या. एका झाडाला दहा, दुसऱ्याला वीस. वाडग्याच्या चारी बाजूंना, एकाला एक खेटून. सर चालत कडेकडेने गेले आणि मोजत गेले. त्रेसष्टपर्यंत मोजल्यावर त्यांना पुढचं नीट दिसेना, कारण डोळे भरून आले होते.

"हे कुणी लावलं?"

"कोन लावतंय? शेरडं थुकत्यात, मी लेंड्यासंगं लोटून कडंला सारते. पावसाळ्यात उगवतंय आपलं आपुन. पंधरा-ईस वर्सं झाली."

माळावरून वारा आला आणि सगळ्या कुंपणाच्या शेंगा एकदम खुळखुळल्या. ज्या झाडाचं सर कालपासून सुतक पाळत होते, त्याची लेकरं ते सकाळी शिव्या देऊन ओलांडून आले होते.

"सर," नानासो हळूच म्हणाला, "शर्ट फाडला तो ह्यांनीच."

"असू दे," सर म्हणाले. फाटलेल्या बाहीचा धागा अजून एका काट्याला लटकत होता. तो त्यांनी तसाच ठेवला.

पावणेपाचला संयोगिताबाईंचा फोन आला. समारंभ झाला होता. शाल खुर्चीला घातली, नारळ प्राचार्यांनी खुर्चीवर ठेवला, भाषणं चांगली झाली. "तुमच्या त्या मॅडम बसल्या का शेवटी?" त्यांनी विचारलं.

"बसल्या," सर म्हणाले. "आणि माझ्या पदरात सगळं घातलं. तू इथे यायला हवं होतंस."

मग त्यांनी तानुबाईला विचारलं, "एक फांदी तोडू का? शेंगांसकट?"

तानुबाईने कुंपण वर-खाली न्याहाळलं. "येकच तोडा. जास्त नगं. भोक पडतंय."

सरांनी एकच तोडली, कागदात दाबली, आणि चिठ्ठी लिहायला घेतली. ‘गोळा करणार’च्या पुढे एकतीस वर्षं न चुकता आपलं नाव लिहिणारा हात थोडा थांबला. त्यांनी लिहिलं, ‘तानुबाई’. त्याखाली, लहान अक्षरात, ‘आणि भुरी’.

जाता जाता ते फलकापाशी थांबले. त्रेसष्टांहून अधिक झाडांच्या गर्दीत तो ऐटीत उभा होता. दुर्मिळ वृक्ष. आढळ : एकच. तोडू नये. नानासो पक्कड घेऊन पुढे झाला.

"काढू नगा वो," तानुबाई मागून म्हणाली. "करडं जात्यात."

सरांनी खिशातून चाकू काढला, ‘एकच’ हा शब्द खरवडून टाकला आणि त्याजागी काय लिहावं याचा बराच वेळ विचार केला. काही सुचेना. तेव्हा भुरी आली, आणि मोकळ्या झालेल्या जागेवरचा सुटलेला रंग चाटून गेली.