अप्पांचा नारा

आमच्या लातूरच्या गल्लीत कुणाची गाडी बंद पडली, की ढकलायला वैजनाथअप्पा सगळ्यांत आधी येतात. पण हात लावत नाहीत. मागे उभे राहून "हर हर" म्हणतात आणि थांबतात. आपण "महादेव" म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही. एकदा मी घाईत नुसतंच "हं" म्हटलं, तर अप्पा मला तसंच सोडून घरी गेले.

कापडाचं दुकान मुलाच्या गळ्यात घालून अप्पांनी आयुष्य मोर्च्यांना वाहिलं होतं. मोर्चा पाण्याचा असो, रेल्वेचा असो की पेन्शनचा, नारे द्यायला अप्पा. मागणी काय आहे, याची ते फारशी चौकशी करत नसत. एकदा चौकात दारूबंदीवाल्या बायका आणि दारूचे दुकानदार असे दोन मोर्चे समोरासमोर आले. अप्पा दुकानदारांकडून होते. पण बायकांचा लांबलचक नारा ऐकून त्यांना राहवेना. "आवो बाई, आसा नारा आसतो का? माणसानं दम कुठं घ्यायचा?" असं म्हणून त्यांनी तो जागच्या जागी दोन तुकड्यांत तोडून दिला आणि ठणकावून म्हणूनही दाखवला. दुकानदारांनीही सवयीने जोरात जबाब दिला.

मी एकदा विचारलं, "अप्पा, नाऱ्याचा अर्थ तरी बघता का?"

"लढाईत अर्थ कोण बघून राहिलाय, मास्तर? अर्थ निवेदनात लिहावा. नारा पाय उचलायला आसतो."

पुढे जळकोटहून त्यांची नात शिवानी डॉक्टरकीच्या क्लाससाठी त्यांच्याकडे राहायला आली आणि अप्पांना घरातच मोर्चा मिळाला. रोज पहाटे ते दारात उभे राहून ओरडत, "डॉक्टर कोण होणार?" आतून "मी!" आल्याशिवाय चहा नाही. समोरच्या भाड्याच्या खोल्यांतली पोरंसुद्धा झोपेत "मी" म्हणून कूस बदलत. पुढे पुढे शिवानीचा "मी" बारीक होत गेला. अप्पांना वाटलं, पोरीचा घसा बसलाय. त्यांनी ज्येष्ठमध आणून दिला.

निकाल लागला. शिवानीचे मार्क मेडिकलला पुरणारे नव्हते. तिने खोलीचं दार आतून लावून घेतलं. सकाळपासून पाण्याचा घोट नाही, हाकेला ओ नाही. अप्पा ओसरीवर तिच्या दारापाशी खुर्ची टाकून बसले होते. "हर हर," त्यांनी एकदा म्हणून पाहिलं. आतून काहीच आलं नाही.

दुपारी नेमकी तिच्याच क्लासची मिरवणूक गल्लीत शिरली. हलगी, गुलाल, जीपवर हार घातलेली पोरं. क्लासच्या सरांना आतलं काय माहीत? ओसरीवर अप्पांना बघून ते खूश झाले आणि माइक पुढे करत म्हणाले, "अप्पा, होऊन जाऊ द्या एक!" मी अडवायला ओसरीवर धावलो. अप्पांनी माइक घेतला. सगळी मिरवणूक जबाब द्यायला तोंड उघडून तयार.

"चुप बसा," अप्पा म्हणाले. "सगळे. ती हलगी बंद करा."

हलगी अडखळून थांबली. गल्ली गप्प झाली, आणि दारामागून मुसमुसण्याचा आवाज ऐकू आला. सर काय समजायचं ते समजले. मिरवणूक पाय न वाजवता आल्या वाटेने परत गेली.

अप्पा खुर्चीवरून उठले आणि दाराला पाठ लावून खाली फरशीवर बसले. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"रड माय, रड. भूकंप झाला तवा आमी खेड्यायमंदी ढिगारे उपसायला गेलतो. तितं नारा न्हाई चालायचा. समद्यायनी गप ऱ्हायचं आन् कान लावायचा. खालून कुणी रडल्यालं ऐकू आलं की आमी हात जोडायचो. रडून राहिलंय म्हंजे जित्तं हाय."

आतलं रडणं थांबलं.

"सकाळधरनं तुजं कायबी ऐकू येत नव्हतं, माय," अप्पा म्हणाले. "लई भ्यालतो मी."

कडी निघाली.