ओहोटीच्या लेकीची वंशावळ, अर्थात मॅकत्राय कुळाचे मूळ

नमन त्या सागरास, जो दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा जातो आणि कोणाच्या कुळाची चौकशी करीत नाही. त्यास स्मरून मॅकत्राय आडनावाची हकिकत लिहितो. शके बाराशे अडुसष्ट, व्ययनाम संवत्सर, ते समयी पश्चिम समुद्रावर गेल लोकांचे एक राज्य होते आणि सोमरले महाराज तेथे राज्य करीत होते. राज्याचा एक भाग बेटावर आणि दुसरा भाग किनाऱ्यावर, मध्ये दोन कोस वाळू. ओहोटी लागली की वाळू उघडी पडे आणि माणसे चालत पार जात, आणि भरती आली की तीच वाळू पाच पुरुष खोल पाण्याखाली जाई. वाळूत रुतणाऱ्या जागा पुष्कळ, आणि मधला ओहळ दर हिवाळ्यात पात्र बदली, म्हणून वाटाड्या नेमिला असे. ते काम कोनल नामे गृहस्थाकडे वंशपरंपरेने होते. तो आश्विनात तापाने वारला आणि मागे पत्नी सिओना व कन्या मोराग, ऐशा दोघी राहिल्या. राहते घर वाटाड्याच्या कामाचे; काम गेले तर घरही जाणार, ऐसा प्रसंग जाहला.

त्या राज्याचा रिवाज ऐसा की वंशपरंपरेचे काम कोणास द्यावयाचे तर वसंतात सभा भरे, तीही वाळूच्या मधोमध खडकावर, म्हणजे बेटवाले व किनारेवाले यांपैकी कोणाचीच जागा नाही. मग राजभाट वारसाचे सात पूर्वज उभ्याने म्हणे. साखळी अखंड ठरली तर काम मिळे. मधली कडी दुसऱ्या घराण्याची निघाली तर काम त्या घराण्याकडे जाई. वारस पुरुषच असावा ऐसा नियम नव्हता, कारण तसे कोणी कधी विचारिलेच नव्हते.

मोरागने हिवाळाभर बापाचे काम केले. सोललेली वेताची काठी घेऊन ती रोज ओहळ मापी आणि वाटेवर विलो नामे झाडाच्या फांद्या खुणेस रोवी. भरती रोज दोन घटका उशिरा येते हे बापाचे सांगणे तिने स्वतः मोजून पाहिले आणि दोन घटकांवर थोडी पळे अधिक लागतात ऐसे ठरविले. सभेच्या आदले दिवशी सकाळी आईने तिला चुलीपाशी बसविले आणि म्हणाली, "पोरी, उद्या तोर्मोदबाबा सात नावे म्हणतील. त्यांतले चौथे इवेरचे. तो आपला नव्हे."

"मग कोणाचा?"

"निअलरावांच्या घरचा."

येथे वाचकांस सांगणे जरूर की निअलराव हे त्या राज्यातील एक सरदार, आणि गेल लोकांत थोर घरची मुले लहानपणी दुसऱ्याच्या घरी वाढविण्यास देत, आणि इवेर असाच एका कोळ्याच्या घरी वाढला होता. त्याच कोळ्यास ओहोटीच्या वेळी वाळूवर एक तान्ही मुलगी सापडली आणि तीही तेथेच वाढली. तिचे नाव ऊना. वाळूतली वाट प्रथम शोधिली ती ऊनाने. तिचा नवरा परमुलुखचा खलाशी, दोन वर्षांत बुडाला. पुढे तिच्या लेकास, डोनलास, भाटापुढे बेवारस बाईचे नाव सांगण्याची लाज वाटली, आणि त्याने आईच्या जागी तिच्या मानलेल्या भावाचे, इवेरचे, नाव सांगितले. मग रिवाजाप्रमाणे इवेरचे तीन पूर्वजही पाठोपाठ आले. ऐसी सातांतली चार नावे परकी होती, आणि निअलरावांस याचा सुगावा लागला होता.

सिओना म्हणाली, "तू गप्प राहा. निअलराव बोलले तर नाकबूल करू. ऊनाचे नाव घेतलेस तर उरतात चारच नावे, आणि वरती कोणी नाही."

मोराग म्हणाली, "आई, जिने वाट शोधली तिलाच वाटेतून काढलंय आपण. मी सांगणार."

"मग सामान बांधून ठेवू?"

"बांध," मोराग म्हणाली, "पण चूल विझवू नको."

दुसरे दिवशी खडकावर सभा भरली. महाराज बसले आणि राजभाट तोर्मोद, ऐंशीचे वृद्ध, उभे राहिले आणि म्हणू लागले, "मोराग कोनलची, कोनल फर्गसचा, फर्गस डोनलचा, डोनल इवेरचा..." तोच निअलराव उठिले आणि बोलिले, "थांबा बाबा! इवेर माझ्या पणजोबांचा सख्खा भाऊ. महाराज, कडी माझ्या घरची. काम माझ्या घरी यावे." सभेत कुजबुज जाहली. मग मोराग पुढे आली आणि म्हणाली, "निअलराव खरे बोलतात. डोनल इवेरचा नव्हे. डोनल ऊनाचा."

तोर्मोदबाबा गोंधळले. त्यांच्या विद्येत एखादे नाव मायबापावाचून म्हणता येत नसे. ते म्हणाले, "पोरी, ऊना कोणाची? कोणाची तरी सांग, त्याशिवाय मला पुढे जाता येत नाही."

"ओहोटी लागली तेव्हा सापडली, बाबा. ओहोटीची म्हणा."

निअलराव मोठ्याने हसले. "ओहोटीची लेक! मग भरती कोण, मावशी?"

"मावशीच," मोराग म्हणाली. "आणि ती निघाली आहे. महाराज, सभा उठवा. दीड घटकेत खडकाभोवती पाणी फिरेल."

निअलराव म्हणाले, "अजून जेवणे उरकतील इतका वेळ आहे. भाटाचे म्हणणे पुरे झाल्यावाचून सभा उठत नाही, हे हिला ठाऊक आहे, म्हणून पळवाट काढते." महाराजांनी विचारिले, "मोराग, सात नावे पाहिजेत. तुझी चारच. उरलेली तीन कोठून आणतेस?"

"ओहोटी रोज दोनदा जन्मते, महाराज. कालच्या दोन आणि आजची एक धरा. तीन झाल्या. आता उठा."

महाराज उठिले. तोर्मोदबाबांनी चालता चालता त्या तीन ओहोट्या जोडून साखळी पुरी केली आणि बहुतेक सभा मोरागच्या फांद्यांमागून निघाली. निअलराव पाच माणसे घेऊन जुन्या वाटेने सरळ गेले. परंतु ओहळ हिवाळ्यात तीनशे पावले उत्तरेस सरकून त्याच वाटेवर आला होता. किनाऱ्यास पोचून मोरागने मागे पाहिले तो ती माणसे कमरेइतक्या पाण्यात उभी, आणि पाय उचलेनात. सिओनाने तिचा पदर धरिला. मोरागने तो सोडविला, काठी घेतली, परत गेली, आणि एकेकास आडवे पडावयास लावून काठीच्या आधाराने सहाही जणांस बाहेर काढिले. निअलराव सर्वांत शेवटी आले. ते म्हणाले, "पोरी, मी तुझ्या घरावर उठलो होतो."

"होय. आणि आमच्या घरी तुमची चार नावे उगीच राहिली होती. इवेर आणि त्याचे तीन पूर्वज घेऊन जा. आम्हाला आता लागत नाहीत."

मग महाराजांनी तेथेच ओल्या वाळूवर काम तिच्या नावे केले आणि घर राहिले. गेल भाषेत मॅक म्हणजे पुत्र आणि त्राय म्हणजे ओहोटी. मोरागच्या पोटी जे झाले ते आणि त्यांचे पुढचे सर्व मॅकत्राय म्हणविले. भाट दर वसंतात त्यांची वंशावळ म्हणत, ती खडकावर नव्हे, चालता चालता म्हणत, आणि ऊनाच्या नावाशी आले म्हणजे सर्व कुळ थांबून समुद्राकडे एकवार पाही आणि मग पावले उचली.

येणेप्रमाणे चार नावांच्या कुळाची हकिकत. ज्यांस सातच पाहिजेत, त्यांनी किनाऱ्यावर बसावे आणि मोजावे.