आधी मेमो, मग हात

मिक्सर बिघडला की लिमयेकाका आधी स्क्रू ड्रायव्हर शोधत नाहीत, कार्बन पेपर शोधतात. "दिनांक अमुक, वेळ अमुक. मिक्सर दुरुस्तीसाठी वापरातून काढत आहे. चटणीची व्यवस्था अन्यत्र करावी." यावर काकूंची सही झाल्याशिवाय ते मिक्सरला बोटही लावत नाहीत. एक प्रत काकूंना, एक फाइलला.

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. सिग्नलच्या यंत्राला हात लावायचा तर आधी स्टेशन मास्तरला लेखी कळवायचं, काम झालं की पुन्हा लेखी कळवून सही घ्यायची, असा तिथला नियम. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, नियम चालूच आहे. "आधी मेमो, मग हात" हे मी दिवसातून दोनदा तरी ऐकते. फक्त स्टेशन मास्तरच्या जागी आता काकू आहेत.

मी नागपूरची. बँकेच्या बदलीने बनारसला आले आणि संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत लिमयांच्या माडीवर भाड्याने राहते. गल्ली अशी, की समोरून सायकल आली तर एकाने ओट्यावर चढून उभं राहायचं. असल्या गल्लीत राहून काकांनी गाडी घेतली! ती मैदागिनजवळ एका ओळखीच्यांच्या आवारात उभी असते आणि तिच्यापर्यंत चालत जायला पंधरा मिनिटं लागतात. आठवड्यातून तीन दिवस काका राजघाटचा पूल ओलांडून मुगलसरायला जातात आणि खात्याच्या परीक्षेला बसणाऱ्यांना शिकवतात.

काका काकूंना नावाने हाक मारत नाहीत. "ऐकलं का?" एवढंच. दारावरच्या पाटीवर 'सौ. इंदिरा' असं आहे खरं, पण पोस्टमन सोडला तर ते नाव कोणी घेतलेलं मी ऐकलं नाही. त्या कोणाच्या वहिनी, कोणाच्या मामी, माझ्या काकू.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी काकू चक्कर येऊन स्वयंपाकघरात पडल्या. मी बँकेत होते. त्यांनी जमिनीवरूनच काकांना फोन लावला. काका पुलावरच्या जाममध्ये अडकलेले, आणि मोबाइल नियमाप्रमाणे डिकीतल्या पिशवीत. गाडीत हात न लावता बोलायची सोय आहे, म्हणून फोन गाडीनेच घेतला. काकूंचा आवाज गाडीभर आला, "अहो, मी पडलेय." काका जीव तोडून ओरडत होते, आणि काकू विचारत होत्या, "अहो, काही बोलत का नाही तुम्ही?" तिकडचं इकडे ऐकू येत होतं, इकडचं तिकडे जात नव्हतं. जाम सुटेपर्यंत हेच चाललं. सुदैवाने हाड मोडलं नव्हतं. पण काका त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मेमो निघाला: "गाडीतील फोन. येणारा आवाज चालू, जाणारा बंद." मग माझे दोन रविवार त्यात गेले. मी घरी काकूंचा फोन धरून बसायचं आणि काकांनी गाडीतून एक ते दहा आकडे म्हणायचे. मला एकही आकडा ऐकू यायचा नाही. त्यांनी मोबाइल गाडीतून काढून पुन्हा जोडला. तेच. माझा मोबाइल जोडून पाहिला. तेच. "म्हणजे फोन बेकसूर आहे," काका म्हणाले. "बेटा, हड़बड़ी नको. एकेक करून चेक करायचं." वर्कशॉपवाला म्हणाला, माइकच बदला. काकांनी त्याला विचारलं, "बिना टेस्ट किए?" आणि ते गाडी घेऊन परत आले.

माइक कुठे असतो हे मात्र त्यांनी विचारून घेतलं होतं. आरशाजवळ छताला एक जाळीदार पट्टी असते, तिच्यामागे. मी गाडीत जाऊन बसले आणि मान वर करून पाहिलं. त्या पट्टीवर ठसठशीत स्वस्तिक होतं. दसऱ्याला पूजेच्या वेळी काकांनीच ओल्या कुंकवाने काढलं होतं आणि वर अक्षता दाबल्या होत्या. जाळीचं एकही भोक मोकळं नव्हतं.

"एवढी साफ जागा गाडीत दुसरी होती कुठे?" काका म्हणाले. त्यांनी आधी हात जोडले, मग मऊ ब्रशने भोक न् भोक मोकळं केलं. मेमोत लिहिलं, "बिघाडाचं कारण: पूजा."

मी सुटले असं मला वाटलं. पण काकांना आता गाडीतून काकूंना फोन लावताही यायला हवा होता, तोही तोंडाने सांगून. त्यांनी स्टिअरिंगवरचं बटण दाबलं. गाडीतली बाई म्हणाली, "किसे फ़ोन लगाना है?"

"ऐकलं का," काका म्हणाले. मोबाइलमध्ये काकूंचा नंबर याच नावाने होता.

"माफ़ कीजिए, समझ में नहीं आया."

बारा वेळा तेच झालं. शेवटी मी म्हटलं, "काका, सरळ काकूंचं नाव घाला ना. नाव घेतलंत की लागेल."

"नाव?" काका चक्क लाजले. "एकदा घेतलं होतं, लग्नात घास भरवताना." आणि मोबाइल खिशात टाकून गाडीतून उतरले. मेमो तसाच उघडा राहिला.

पुढच्या रविवारी ते काकूंचा हात धरून, थांबत थांबत त्यांना गाडीपर्यंत घेऊन आले. काकू आणि मी मागे बसलो. काकूंच्या मांडीवर त्यांचा मोबाइल होता. काकांनी बटण दाबलं, आरशातून एकदा मागे पाहिलं आणि घसा साफ केला.

"कुसुम को फ़ोन लगाओ."

ही कुसुम कोण, असं माझ्या मनात येतंय तोच काकूंच्या मांडीवरचा फोन वाजू लागला. काकू तो घेईनात. नुसत्या बघत राहिल्या.

"हे नाव का घातलंत?" त्यांनी हळूच विचारलं. "ग्वाल्हेरचं, माहेरचं आहे हे. दादा गेला तेव्हापासून या नावाने मला कोणी हाक मारली नाही."

काका समोरच्या काचेकडे बघत होते. "बदललं तेव्हा तुला विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "तांदळात दुसरं नाव लिहिलं आणि झालं. मेमो नाही, सही नाही. गलत काम होतं ते."

फोन वाजतच होता. काकूंनी तो कानाला लावला. "हं, बोला."

"ऐकू येतंय?"

"येतंय."

"स्पष्ट?"

"अगदी स्पष्ट."

दोघांमध्ये जेमतेम हातभर अंतर होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

मग काकांनी मेमोबुक मागे दिलं. "जोडणी पूर्ववत. वापरास हरकत नाही." काकू एरवी 'इं. लिमये' असं घाईघाईत खरडतात आणि गॅसकडे वळतात. आज त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, वही मांडीवर नीट धरली आणि बराच वेळ घेतला. खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती, म्हणून वही माझ्याकडे आली. वर शाळेतल्या मुलीसारख्या गोल, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं: कुसुम.