सामाईक कागद आणि सहदेवची रजा

एकच गोष्ट एक्केचाळीस ठिकाणी लिहिणं हा सरकारी शाईचा अपमान आहे, हे सर्वमान्य आहे. (शाईला विचारलेलं नाही.)

बासष्ट साली आमच्याकडं नवी पंचायत समिती उघडली. एकेका ठरावाच्या नऊ-नऊ दुरुस्त्या व्हायच्या, अन् खरा मसुदा कोणता हे देवालेच ठाऊक. म्हणून सहदेव कारकुनानं दर कामाची रीत पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगली. पुठ्ठे झाले एक्केचाळीस. सगळ्यांवर सुरुवातीच्या ओळी त्याच: मसुदा शेवटच्या दुरुस्तीचाच आहे का पाहावं. टेबलावरचं अर्धवट काम आधी कपाटात ठेवावं. काही चुकलं तर कारण एका वाक्यात सांगून जागीच थांबावं. यातला एक शब्द बदलला की एक्केचाळीस पुठ्ठे खाली उतरवा.

सहदेवनं मग त्या ओळी एका सामाईक कागदावर घेतल्या, कागद दाराशी चिकटवला, अन् पुठ्ठ्यांवर एवढंच ठेवलं: ‘आधी सामाईक कागद वाचावा.’ कामं झपाझप उरकू लागली. मोठ्या साहेबांनी कागदाचं कौतुक केलं (न वाचता).

हेडक्लार्क वामनरावांना मात्र ते खुपलं.

“सहदेव, हे ‘आधी वाचावा’ एक्केचाळीस जागी काऊन लिहिलं बे? एक गोष्ट एकाच जागी, हे तूच म्हणतो ना?”

“हाव साहेब, पण...”

“मंग ते बी सामाईक कागदातच टाक.”

अन् त्यांनी स्वतःच्या हातानं कागदाखाली लिहिलं: ‘यापुढील कोणतेही काम करण्याआधी सामाईक कागद वाचावा.’

सोमवारी साडेदहाला सारं ऑफिस दाराशी उभं होतं. शेवटची ओळ आली की पुन्हा पहिलीपासून. दुपारपर्यंत दुसरे कारकून भाऊराव यांचं त्रेसष्ट वेळा वाचून झालं. त्यांना पाठ झालं होतं, पण पाठ म्हणणं म्हणजे वाचणं नव्हे.

सहदेवच्या खिशात रजेचा अर्ज होता. शुक्रवारी मलकापूरला त्याचं लग्न, नवरी कोकिळा.

“साहेब, ती ओळ खोडू का?”

“खोडणं हे बी कामच आहे. आधी वाच.”

गुरुवारी सासरे शंकरराव स्वतः न्यायला आले. “जवाईबापू, हळद भिजून राह्यली. चला.”

“एवढं वाचून येतो मामाजी.”

“असं काय लिहिलं त्याच्यात?” शंकररावांनी चष्मा लावला. (चौथी पास. तेवढं पुरलं.)

ऑफिसात हिंडतं-फिरतं माणूस एकच उरलं, कडूबा शिपाई. “मले वाचता येत नाही, मले हा कागद लागू नाही,” असं म्हणून त्यानं अर्जावर शिक्का मारला, सहीच्या जागी अंगठा दिला, सहदेवच्या डोळ्यांना दुपट्टा बांधला अन् त्याले हाताला धरून एसटीत बसवलं. मांडवात बाया म्हणाल्या, नवरदेव लाजाळू दिसते.

लग्न वेळेवर लागलं. कन्यादान चुलत्यानं केलं, कारण नवरीचा बाप अजून दाराशी होता, तिसऱ्या ओळीवर.

त्या लोकांना हसू नका, ती ओळ आता तुम्हीही वाचली. कडूबानं यातलं एक अक्षर वाचलं नाही, अन् त्याची आजची सगळी कामं कवाच आटोपली.

तुमची?