आधी पाय, मग चाक

लव्हेल बिटनरने मिठाच्या सपाट मैदानावर गाडी घातली तेव्हा त्याच्या डोक्यावरच्या टोपीवर ‘आधी पाय, मग चाक’ असं छापलेलं होतं. हा नियम त्यानेच केलेला. वेगाच्या शर्यतीआधी आठवडाभर मीठ तपासायचं ते पायी. ठरावीक अंतरावर गिरमिट फिरवायचं, चिखलावरचं मिठाचं कवच किती बोटं जाड आहे ते मोजायचं आणि टाच आपटून आवाज ऐकायचा. ठणठणीत आला तर गाड्यांना या म्हणायचं, भदभद आला तर शर्यत रद्द. शर्यतींच्या क्लबात एकतीस वर्षं हाच नियम होता आणि एकतीस वर्षं लव्हेलच तपासनीस होता.

इतक्या वर्षांत त्याची गाडी एकदाही रुतली नव्हती. तरी तो ‘नाही’ म्हणाला, की लोक पंधरा दिवस हुज्जत घालत. उत्तरेकडे गिरमिट मारलं होतं का? चष्मा लावला होता का? यंदा तर कुजबुज सुरू झाली होती, की बहात्तर वर्षांचा हा गृहस्थ आता पुरे झाला, पुढच्या वर्षी दुसरा कुणी बघावा. ही कुजबुज लव्हेलच्या कानावर व्यवस्थित पोचेल अशा बेताने केलेली होती.

“उतरत नाहीस?” आर्डिसने विचारलं. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती आणि तपासणीच्या दिवशी लिंबूसरबत आणि सँडविच घेऊन ती नेहमी बरोबर यायची.

“थोडं पुढे जाऊ. इथे चांगलं दिसतंय.”

“दिसतंय, की आहे?”

“एकतीस वर्षं बघतोय मी हे मीठ.”

“मीठसुद्धा तुला एकतीस वर्षं बघतंय.”

खरी गोष्ट अशी, की रविवारपासून लव्हेलचा गुडघा सुजला होता आणि ते त्याने आर्डिसला सांगितलं नव्हतं. दुसरी गोष्ट मर्विन टेटची. मर्विन त्याचा जुना मित्र, वय अठ्ठ्याहत्तर. नऊ वर्षं खपून त्याने गॅरेजमध्ये लांबलचक लाल रेसची गाडी बांधली होती. मागची दोन्ही वर्षं मिठावर पाणी राहिलं आणि दोन्ही वेळा लव्हेलने आपल्या तोंडाने शर्यत रद्द केली. तिसऱ्यांदा मर्विनला नाही म्हणण्याचा त्याला धीर नव्हता. मीठ चांगलं असावं असं त्याला फार वाटत होतं, म्हणून ते त्याला चांगलं दिसत होतं.

डांबरी रस्ता संपून तीन मैल गेल्यावर भाजलेला पापड मोडावा तसा आवाज झाला आणि पुढची चाकं खाली गेली. लव्हेलने जोरात गॅस दिला. बुडत्याचा पाय खोलात. मागचीही चाकं आसापर्यंत गेली आणि राखाडी चिखल काचेवर उडाला.

आर्डिसने नवऱ्याकडे मान वळवली आणि टोपीवरची अक्षरं मोठ्याने वाचली.

“कळलं,” लव्हेल म्हणाला.

“तुला नाही. मी मिठाला वाचून दाखवतेय.”

क्लबाला कळवायचं म्हणजे पद गेलंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा विचार करून त्याने मर्विनला फोन लावला.

“एकटाच ये. कुणाला बोलू नकोस. साखळी आण.”

“मीठ कसं आहे?”

“तू ये तर खरा.”

दोन वर्षं वाट बघणाऱ्या माणसाला यातून जे ऐकू यायचं तेच आलं. तासाभरात मर्विन हजर झाला, आणि त्याच्या गाडीमागे ट्रेलरवर ती लाल गाडी.

“अरे, ही कशाला आणलीस?” लव्हेल ओरडला.

“गुपचूप बोलावलंस ना! म्हटलं, दोस्त आहे, लोक यायच्या आत एक फेरी मारू देतोय.” मर्विन खिडकीतून हे सांगत होता आणि सांगता सांगता ठेंगणा होत होता. वाक्य संपलं तेव्हा ट्रेलरची चाकं दिसत नव्हती.

आता हेक्टर सोलिसला बोलावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जवळच्या वेंडोव्हर गावात रुतलेल्या गाड्या ओढून काढायचा त्याचा धंदा होता आणि तो सावध माणूस होता. रस्ता संपतो तिथे थांबून त्याने फोन केला.

“मिस्टर बिटनर, मीठ कसं आहे?”

“कच्चं आहे. पुढे येऊ नकोस, काहीतरी दुसरं बघ.”

“पण मला इथून दोन गाड्या उभ्या दिसतायत की.”

ऊन चढलं होतं. मृगजळाने सगळ्यांची चाकं झाकून टाकली होती.

“उभ्या नाहीत रे, रुतल्यात.”

“तुमची गाडी? रुतली?” हेक्टर मनापासून हसला. “बरंय, आलोच.”

तो आला. मर्विनच्या अलीकडे साठ पावलांवर त्याची ती अवजड गाडी आधी वाकली, मग बसली. तो उतरला, चाकांकडे बघितलं, लव्हेलच्या टोपीकडे बघितलं.

“सांगायचं नाही का?”

“सांगितलं होतं.”

“हो, पण तुमच्या तोंडी ते खरं वाटत नाही.”

तासाभराने क्लबाची चिटणीस रोवीना हिचा फोन आला. तिचा आवाज आनंदाने फुलला होता. “लव्हेल, अभिनंदन! रस्त्याच्या टोकावरून कुठल्याशा प्रवासी जोडप्याने फोटो टाकलाय. मिठावर एका रांगेत तीन गाड्या, वर मर्विनची लाल गाडी! नेब्रास्काची सभासद मंडळी निघालीसुद्धा. बाकीचे सामान भरतायत.”

ताशी तीनशे मैलांनी जाणाऱ्या गाडीखाली हे कवच फुटलं, तर माणूस घरी परत जाणार नव्हता.

“रोवीना, त्यांना थांबव. मीठ कच्चं आहे.”

“मी सांगते हो, पण ऐकणार कोण? फोटोत तीन गाड्या उभ्या आहेत.”

“रुतल्यात.”

“पहिली कुणाची रुतली?”

एकतीस वर्षं तशी फार मोठी नसतात. एका शब्दात जातात.

“माझी.”

“हे कुणालाही खरं वाटणार नाही,” रोवीना म्हणाली. “फोटो पाठवा.”

आर्डिसने फोन हातात घेतला. “चाकापाशी उभा राहा. आणि टोपी सरळ कर, अक्षरं दिसू देत.”

“थांबा, मीपण येतो,” म्हणत मर्विन चिखलातून आला आणि लव्हेलच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. “माझी गाडीही घे त्यात. नऊ वर्षांत आज पहिल्यांदा मिठावर आलीये ती.”

“मर्विन, मला वाटलं होतं, यंदा तरी...”

“मलाही वाटलं होतं. कॅमेऱ्याकडे बघ.”

संध्याकाळी जवळच्या पोटॅशच्या कारखान्यातून चाकांऐवजी रुंद पट्ट्यांवर चालणारं यंत्र आलं आणि त्याने तिन्ही गाड्या, ट्रेलरसकट, एकेक करून काढल्या. लव्हेल घरी येऊन फोनजवळ बसला. हुज्जत घालायला एकाचाही फोन आला नाही. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं आणि त्याला ते मुळीच चांगलं लक्षण वाटेना.

महिन्याभराने समितीचं पत्र आणि एक पुडकं आलं. आपल्या हकालपट्टीचं पत्र वाचायला तो चष्मा लावून बसला. पत्रात लिहिलं होतं की, यंदाची तपासणी क्लबाच्या इतिहासात सर्वांत विश्वासार्ह ठरली. निकालावर एकही हरकत आली नाही. नेब्रास्काचे सभासदही फोटो बघून अर्ध्या वाटेतून मुकाट्याने परतले. सबब तपासनिसांना आणखी पाच वर्षं मुदतवाढ देण्यात येत असून, यापुढे गिरमिटाबरोबरच त्यांनी स्वतःची गाडी घालूनही खात्री करावी.

लव्हेलने पत्र दोनदा वाचलं. त्याला इतका आनंद झाला, की तो गुडघा विसरून उठला. पुडक्यात नवी टोपी होती. ‘आधी लव्हेल, मग चाक’. ती घालून तो अंगणात आला. आर्डिस गाडीखाली पाण्याचा पाइप धरून महिन्याभरापूर्वीचं मीठ अजून काढत होती.

तिने टोपी वाचली, मग पत्र वाचलं, मग पाइप बंद केला.

“पुढच्या वर्षीही मी तुझ्याबरोबर येणार,” ती म्हणाली. “पण चालत.”