पहिल्या नंबरचं कोपर

सकाळी हेडक्लार्कना चहाचा कप उचलता येईना, म्हणून त्यांनी वर्तमानपत्रात डोकं खुपसलं.

"चहा गार होतोय," बायको म्हणाली.

"मला गारच आवडतो."

"लग्नाला एकतीस वर्षं झाली. आज कळतंय."

मग सांगावंच लागलं. उजवं कोपर ठणकत होतं. तळ्यावर दर वर्षी गळ लांब फेकायची स्पर्धा व्हायची आणि हेडक्लार्क सलग तीन वर्षं पहिले आले होते. चौथ्यांदाही यायचंच, म्हणून महिनाभर ते मागच्या मैदानावर गळाच्या काठीला, दोरीच्या टोकाशी शिशाचा तुकडा बांधून रोज दोनशे वेळा फेकत होते. टेप धरायला बायको. मासा एक मिळाला नाही, कोपर मात्र गेलं.

"समोरच्या केमिस्टकडून पट्टा आणा."

"त्याच्याकडून? तीन वर्षं दुसरा येतोय तो! कळलं तर दुकानातच नाचेल. तू जा. तुझंच कोपर दुखतंय म्हणून सांग."

केमिस्टने तिचं कोपर दाबून पाहिलं. जिथे दाबलं की नवरा ओरडायचा, तिथे तीही ओरडली.

"वहिनी, हे गळ फेकून होतं. तुम्ही फेकता?"

नाही म्हणावं तर नवरा उघडा पडणार. "रोज दोनशे," ती म्हणाली.

माणूस भला होता. काउंटरमागची छत्री घेऊन त्याने पाव तास शिकवलं. कोपर अंगाशी ठेवा, काठी दोन्ही हातांनी धरा, जोर कमरेतून काढा. वर कौतुकाने, दुकानातच ठेवलेल्या स्पर्धेच्या यादीत तिचं नावही घातलं.

"कमरेतून?" घरी हेडक्लार्क उसळले. "दुसरा येणारा मला शिकवणार?"

पट्टा एकच. बाहेर तो बायकोच्या हातावर, घरात यांच्या. शिवाय दुखऱ्या हाताच्या बाईला ओझी उचलताना केमिस्टने पाहायला नको, म्हणून आठवडाभर बादल्या, पिशव्या आणि गॅसची टाकी हेडक्लार्कनीच वाहिली. शेजारणी म्हणाल्या, "नवरा असावा तर असा!" कोपर आणखी सुजलं. इकडे नाव दिलंय तर लाज जायला नको, म्हणून बायको मैदानावर उभी राहिली आणि केमिस्टने सांगितलं तस्संच फेकू लागली. टेप धरायला हेडक्लार्क. ते आकडा वाचून टेप पुन्हा एकदा ताणून बघत.

स्पर्धेच्या दिवशी पट्टा अर्थातच तिच्या हातावर होता. हेडक्लार्कनी दात-ओठ खाऊन फेकलं. एकतीस मीटर. केमिस्ट बावन्न. मग बायको वळली, काठी सपकन फिरली आणि तळ्यावर सगळे पुढे सरकून बघायला लागले. पंचावन्न!

"वाघीण आहे हो!" हेडक्लार्क सगळ्यांच्या वर ओरडले. तीन वर्षं स्वतःच्या नंबराने छाती एवढी फुगली नव्हती.

केमिस्ट हसत जवळ आला. "दुखऱ्या कोपराने पंचावन्न! आणि तुम्ही धडधाकट असून एकतीस?"

हेडक्लार्कनी बाहीचं बटण काढलं. सुजलेलं कोपर दाखवलं की अब्रू वाचत होती. लोक मात्र बायकोच्या पट्ट्याकडे बोट दाखवून टाळ्या वाजवत होते, आणि ती कधी नव्हे ती लाजली होती.

त्यांनी बटण परत लावलं.

"तिच्यापुढे आमचं काय चालणार?" ते म्हणाले.

पितळी ढाल चांगली आठ किलोची होती. ती घरापर्यंत हेडक्लार्कनीच उचलून नेली, भर रस्त्यातून, सगळ्यांना दाखवत. कारण कोपर तर बायकोचं दुखत होतं.