कागदाची जाडी नगण्य

पक्ष: गणिताचे सर तात्पुरते. आज तपासणीच्या मॅडम वर्गात येणार. तास रंगला तर नोकरी पक्की, नाहीतर घरी बसून सासऱ्यांचे सल्ले!

साध्य: पृष्ठफळ आणि घनफळ, दोन्ही, एकाच तासात, सूत्राशिवाय!

“पाठांतर मेलं आज!” सकाळी बूट घालताना सरांनी बायकोला ऐकवलं. “असा तास घेतो, की मॅडम उठून टाळ्या वाजवतील!”

“वाजवू देत. तेवढी नवी पँट जपा.”

रचना: खडूच्या खोक्याला रद्दी पेपर गुंडाळला, किती कागद लागला ते मोजलं, झालं पृष्ठफळ! डस्टर झाला, जेवणाचे डबे झाले. वर्गाला चेव चढला.

“सर, आता वेडावाकडा आकार द्या!” चिकटपट्टी ओरडली. (ही मागच्या बाकावरची मुलगी. टेप कायम तिच्या ताब्यात, म्हणून हे नाव.)

वर्गाने इकडेतिकडे पाहिलं. मग सगळ्यांची नजर सरांवर स्थिरावली.

“गुंडाळा!” सर हात अंगाला चिकटवून उभे राहिले. नाहीतरी मॅडम येतच होत्या.

“सर, पोट सपाट धरू की वक्र?”

“वक्र धर, मेल्या!”

गळ्यापर्यंत सरांची पुंगळी झाली. टेप मात्र कागदाला कमी आणि पँटला जास्त लागला.

“आता घनफळ!” पुंगळी गरजली. “परातीत काठोकाठ भरलेलं पिंप ठेवलंय. त्यात मला सोडा. सांडेल तेवढं पाणी म्हणजे मी!”

“पण सर, हा कागद?”

“कागदाची जाडी नगण्य!”

पोरांनी सरांना खांबासारखं उचललं आणि पिंपात उभं केलं. धबाक्!

“सर, डोकं बाहेर राहिलं!”

“पोकळ धरा!”

सिद्धता: कागद पाणी प्यायला.

∴ कागद फुगला.

∴ पिंप घट्ट झालं.

∴ सर ना वर, ना खाली.

आणि दारात मॅडम!

“सर कुठे आहेत?”

“इथे!” पिंपातून आवाज आला. “नमस्कार! हात जोडता येत नाहीत, माफ करा!”

मॅडम पिंपाभोवती एक फेरी मारून वर्गाकडे वळल्या. “हे का अडकले?”

सर गारठले. पाणीही गारच होतं. आता हा वर्ग माझं वाटोळं करणार!

“मॅडम, एक घडी पातळ, पण घड्या खूप!” चिकटपट्टी उभी राहिली. “सुकी नगण्य, ओली नाही! सरांनी ते धरलंच नाही.”

“आणि सांडलेल्या पाण्यात कागदाचंही घनफळ आलं!” दुसरा ओरडला. “सर तेवढे जाडे नाहीत!”

मॅडमना हसू आवरेना. “सर, नोकरी पक्की! ही पोरं जन्मात विसरणार नाहीत. काढा रे यांना!”

खेळाचे सर आणि शिपाईमामांनी काखांत हात घालून जोर लावला. बूच निघावं तसे सर बाहेर आले. कागद पिंपातच राहिला. टेपला चिकटलेली पँटही.

मॅडम तातडीने फळा वाचू लागल्या. फळा कोरा होता.

“सर, इतकं पृष्ठफळ उघडं राहिलंय!” चिकटपट्टी टेप घेऊन धावली.

उपप्रमेय: संध्याकाळी खेळाच्या सरांच्या तोकड्या चड्डीत सर घरी पोचले.

“नोकरी पक्की!” त्यांनी दारातूनच गर्जना केली.

बायकोने खाली पाहिलं. “आणि पँट?”

“नगण्य धर.”